व्यापाऱ्याला आमच्या छाटणीची तारीख कुणी सांगितली?

यंदा मणेराजुरीजवळच्या आमच्या सुपर सोनाका द्राक्षाच्या प्लॉटवरून एका व्यापाऱ्यानं सव्वातीन लाखांचा माल उधारीवर उचलला आणि फोन बंद करून पसार झाला. तासगाव-मिरज भागाला यात नवीन काही नाही. बाहेरचा व्यापारी, चढा दर, पहिले पैसे चोख आणि मग टोपी. पण हा गडी आमच्यापर्यंत पोचला कसा, ते वेगळं आहे. फवारणीचा फुकट सल्ला देणारं ॲप ज्यांच्या मोबाईलमध्ये आहे, त्या बागायतदारांनी तेवढं तरी वाचावं.

जानेवारीअखेर त्याचा फोन आला. "दादा, तुमचा दीड एकर सोनाका ना? २ ऑक्टोबरची छाटणी. १२० दिवस होत आले, शुगर किती लागलीय?" मी म्हटलं, छाटणी १२ तारखेची. तो "हां हां, बारा" म्हणून पुढं सरकला. शेवटची फवारणी कशाची झाली, फुलोऱ्यात डाऊनी रोगानं किती घड गेले, सगळं त्याला तोंडपाठ. एरवी दलाल बांधावर येतो, घड हातात घेतो, मणी फोडून चाखतो, तेव्हा कुठं दराचं बोलणं निघतं. हा बसल्या जागी आमची बाग वाचून दाखवत होता. वर "आम्ही ॲपवाल्यांबरोबरच काम करतो" हेही ऐकवलं. घरात सगळ्यांना तो कंपनीचाच माणूस वाटला, आणि वाटावं म्हणूनच तो तसं बोलत होता.

दर त्यानं चार किलोला बाजारापेक्षा पंधरा रुपये जास्त धरला. इसार लगेच दिला, सुरुवातीच्या तोडीचे पैसे संध्याकाळी खात्यावर. मग मोठ्या गाड्या भरल्या आणि "दिल्लीत गाडी खाली झाली की टाकतो" सुरू झालं. पुढचं सांगायला नको.

पोलिसांत अर्ज लिहिताना ती २ तारीख परत आठवली. ती चूक जगात एकाच ठिकाणी होती. कृषी सेवा केंद्रात ॲप कंपनीचा पोरगा नोंदणी करायला बसला होता, त्यानं १२ ऐवजी २ दाबलं. ॲपमध्ये तारीख बदलायची सोय नव्हती, म्हणून आम्ही वेळापत्रक दहा दिवस पुढं धरून वापरत होतो. नाव, गट नंबर, क्षेत्र, बँकेचा बोजा हे सातबाऱ्यावर कुणालाही दिसतं. छाटणीची तारीख आणि औषधांची नोंद सातबाऱ्यावर नसते. विकली असो की आतल्या कुणी दिली असो, माहिती निघाली तिथूनच.

छाटणीची तारीख म्हणजे साधी तारीख नव्हे. ती कळली की पोंगा (नवी फूट निघणं) कधी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) कधी, माल कधी उतरणार, हे कुणालाही कागदावर मांडता येतं. सोबत कर्जाचा आकडा असला तर आपण पैशाला कधी टेकीला येणार तेही कळतं. नोंदणी केल्यापासून डिपिंगच्या तोंडावर औषधवाल्यांचे फोन यायचे. आम्हाला ती सेवा वाटायची! ॲप फुकट असतं ते उगाच नाही.

कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "आमच्याकडून काही गेलेलं नाही, शिवाय तुम्ही अटींना सहमती दिली आहे." अटी सगळ्या इंग्रजीत, त्यात 'व्यापारी भागीदारांना' माहिती देण्याचं कलम. 'सहमत' दाबल्याशिवाय ॲप उघडतच नाही, मग ही कसली सहमती? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणानं, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली हवी, असं स्पष्ट आहे. सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय द्यावी लागते, माहिती पुसून मागायचा हक्क आहे, आणि दंड २५० कोटींपर्यंत आहे. मेख अशी की नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर आपणच राखण करायची.

ॲप नुसतं काढून टाकलं तर मोबाईलमधून जातं, कंपनीकडची माहिती तिथंच राहते. खातं आणि माहिती पुसा, असं ईमेलवर लेखी मागा आणि उत्तर जपून ठेवा. ॲप ठेवायचंच असेल तर सेटिंगमध्ये लोकेशन 'फक्त ॲप वापरताना' करा. संपर्क यादी, फोटो, एसएमएसची परवानगी बंद करा. फवारणीच्या सल्ल्याला तुमच्या पाहुण्यांचे नंबर लागत नाहीत. कर्जाचा रकाना रिकामा सोडा.

आणि आपल्या बागेची माहिती सांगतो म्हणून कुणाला ओळखीचा धरू नका. बाजार समितीचा परवाना, आधार, पेढीचा पत्ता बघा, पैसे ज्या नावानं येतात ते नाव जुळतं का बघा. आम्हाला इसार एका नावानं आला आणि पुढचे पैसे दुसऱ्याच नावानं, ते स्क्रीनशॉट आता तक्रारीला जोडलेत. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली बसतो. खात्यातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मग बाकीचं.

याच पद्धतीचा फोन आणखी कुणाला आला असेल आणि त्यानंही तारीख किंवा क्षेत्र ॲपमधल्या चुकीसकट सांगितलं असेल, तर ती नोंद काढून ठेवा आणि पोलिसांत स्वतंत्र अर्ज द्या. आमच्या एकट्याच्या २ तारखेला कंपनी 'योगायोग' म्हणतेय.