झोपेसाठी घेतलेला जनरेटर

रात्री पावणेदोनला शेजारच्या तंबूतला माणूस टॉर्च घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, हे सकाळपर्यंत असंच चालणार का?" इतक्या नम्रपणे विचारलं, की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

जनरेटर घेतला होता बाबांसाठी. त्यांना स्लीप एपनिया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडतो. रात्री मास्क लावून, दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप मशीनवर झोपावं लागतं. तंबूत राहायची त्यांना भारी हौस, आणि मशीनला रात्रभर वीज हवी. मी फार खोलात न जाता उघड्या फ्रेमचा, २ किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर घेऊन टाकला. खोक्यावर ठळक अक्षरांत '६८ डेसिबल' आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत '७ मीटर अंतरावर'. ही दुसरी ओळ मी वाचली ती त्या पावणेदोन वाजता.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, निम्मं झालं की तेवढाच चढतो. म्हणजे ७ मीटरवर ६८, तर साडेतीन मीटरवर ७४ आणि शेजारी उभं राहून दोरी खेचणाऱ्याच्या कानाशी ८५च्या आसपास. मोबाइलमधल्या ॲपनेही जवळपास हेच दाखवलं. त्यामुळे कंपनीला खोटं पाडता येत नाही. वर ॲपचा आकडा कानाला पटतही नाही, कारण हे मोजमाप खर्जातला आवाज कमी धरतं आणि उशीला डोकं टेकल्यावर लागतो तो नेमका खर्जच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सूत्रं हातात घेतली. आयुष्यभर पंप आणि मोटारी दुरुस्त केलेला माणूस. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला, मूठ कानाला, असं करत त्यांनी सगळा सांगाडा तपासला. सायलेन्सरवरचा जाळीचा पत्रा सैल होता. इंजिन गार झाल्यावर तिथे स्प्रिंग वॉशर टाकून बोल्ट आवळले. खडखड गेली, घरघर राहिली.

"मोठा सायलेन्सर बसवू या का?" मी विचारलं.

"बसव. मग पंख्याचं काय करशील? हवा ओढतानाचा आवाज? आणि इंजिनच्या ब्लॉकचा?" बाबा म्हणाले. "शिवाय वजनदार सायलेन्सर नुसता पाइपवर लटकवलास, तर हादऱ्याने त्याला धरणारा स्टड तुटेल."

मग त्यांनी खरी गोम सांगितली. अशा साध्या जनरेटरमध्ये ५० हर्ट्झ वीज मिळायला इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच ठेवावं लागतं (६० हर्ट्झ असेल तिथे ३६००). भार १५०० वॅटचा असो की एका दिव्याचा, वेग तोच. एका सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेट घेतं, म्हणजे सेकंदाला २५ ठोके. बाबांचं मशीन खातं ४० वॅट. पहिल्या रात्री सात तासांत जवळजवळ पाच लिटर पेट्रोल गेलं आणि वीज वापरली पाव युनिटपेक्षा थोडी जास्त. हा हिशेब त्यांनी पेट्रोलच्या पावतीमागे मांडला आणि माझ्याकडे न बघता पावती खिशात घातली.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये हे बंधन नसतं. तिथे आधी डीसी करून पुन्हा एसी बनवतात, त्यामुळे भार कमी असेल तर इंजिन हळू चालतं आणि आवाज उतरतो. फक्त त्यांच्या जाहिरातीतला आकडा पुष्कळदा पाव भारावरचा असतो. पूर्ण भारावरचा कुठे लिहिलाय ते शोधून मगच तुलना करा. माझं हे सगळं ज्ञान खरेदीनंतरचं.

रबरी मॅट घातली. जमिनीवर तिने काडीचा फरक पडला नाही. लाकडी फळ्यांवर किंवा गाडीच्या हौद्यात यंत्र ठेवणार असाल तर घाला, तिथे हादरा पुढे जातो.

मग मी शहाणपणा केला. प्लायचं खोकं, आतून फोम, वरून झाकण. अर्धं ठोकून झालं होतं तेवढ्यात बाबा आले आणि त्यांनी हातोडी काढूनच घेतली. हे इंजिन हवेवर गार होतं. कोंडलं की तापतं, आणि शेजारी फोम आणि पेट्रोलची टाकी. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. मास्क लावून झोपलेला माणूस जवळच्या हवेतूनच श्वास घेणार. काही नव्या मॉडेलांत हा वायू वाढला की इंजिन बंद करणारा सेन्सर येतो. ह्यात तो नाही, आणि ह्या यंत्राविषयी माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आवाज त्यानंतर.

खोक्यातली एक फळी मात्र कामी आली. जनरेटर तंबूपासून ३० मीटरवर नेला, वाऱ्याच्या उतारावर, म्हणजे वारा तंबूकडून जनरेटरकडे वाहील असा. धूरही पलीकडे जातो आणि वाऱ्याविरुद्ध येणारा आवाज वर वळतो. धुराचं तोंड पलीकडे, आणि आमच्या बाजूला मीटरभर सोडून जाड फळी उभी केली, यंत्र आमच्या नजरेआड जाईल इतकी. तंबूत ॲपने ४९ दाखवलं. एवढ्या सोप्या गोष्टीने हा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. वायर मात्र जाड घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भारावर तापते. शेजारच्यांच्या तंबूंचाही विचार करा, नाहीतर आपला वाऱ्याचा उतार म्हणजे नेमकी दुसऱ्याची उशी.

तरीही रात्री लावायला मन धजेना. रात्री जमिनीलगतची हवा गार होते तेव्हा आवाज खाली वळून लांबवर जातो, आणि बाकीचं सगळं शांत असल्याने तो जास्तच टोचतो. शेवटी ५० अँपिअर-तासाची, १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि सीपॅपचा डीसी अडॅप्टर घेतला. डॉक्टरांना विचारून ह्युमिडिफायरचा, म्हणजे मशीनमधली हवा दमट करणाऱ्या भागाचा, हीटर बंद ठेवला, त्यानेही वीज बरीच वाचते. रात्रीत बॅटरी साधारण निम्मी उतरते. दुपारी, सगळे भटकायला गेले की जनरेटर दीड तास लावते आणि २० अँपिअरच्या चार्जरने ती भरून घेते. असा विचार पहिल्या दिवशी केला असता, तर हे धूड घेतलंच नसतं.

यंत्र म्हणून ते वाईट नाही. गार इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू होतं. तेल कमी झालं की आपोआप बंद पडतं, पण उतारावर ठेवलं तर तेल पुरेसं असूनही बंद पडतं. पहिल्यांदा मी अर्धा तास प्लग साफ करत बसले होते. चाकं नाहीत, आणि वजन असं की ३० मीटर नेताना दोघं लागतात. दिवसा पाण्याचा पंप किंवा ड्रिल चालवायचं असेल तर जरूर घ्या, माझ्याकडून चार तारे. कॅम्पिंगला दोन. त्यातला एक स्प्रिंग वॉशरचा आहे, म्हणजे बाबांचा.