क्लेमचे पैसे: एकदम हातात घ्यावेत की महिन्याच्या हप्त्याने?

मोटार अपघाताच्या क्लेमचा निकाल जवळ आला की घरात हाच वाद सुरू होतो. पण बाजू घेण्याआधी ही रक्कम निघते कशी ते पाहा. जखमीचं वय ३०, मिळकत महिना १०,००० आणि ती पुरती बुडाली असं धरू. न्यायाधिकरण, म्हणजे असे दावे चालवणारं न्यायालय, वर्षाचे १,२०,००० घेऊन त्या वयाच्या गुणकाने, म्हणजे १७ने, गुणतं. झाले २०,४०,०००. मिळकतीतली पुढची वाढ, उपचार आणि वेदनेची भरपाई यात अजून धरलेली नाही. माणसाच्या कमाईची वर्षं तीसेक उरलेली असताना गुणक १७च का? कारण पैसे आज एकदम मिळणार आणि त्यांवर व्याज येणार, हे त्यात गृहीत आहे. म्हणजे रक्कम नुसती घरात ठेवून खाल्ली तर ती अपुरीच पडणार.

तरीही एकरकमी पैशाची गरज खरी असते. सावकाराचं किंवा दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज, कृत्रिम पाय, व्हीलचेअर जाईल असं दार, बसून चालवता येईल असं दुकान, यांतलं काहीच हप्त्याने होत नाही. धोका तुम्हाला ठाऊकच आहे: पैसे आल्याची बातमी भावकीत पोचते आणि कुणाला तरी टेम्पोसाठी ‘चार महिन्यांपुरते’ दोन लाख हवे असतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या दशकात अल्पवयीन मुलं, निरक्षर दावेदार, विधवा यांची रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याबद्दल सूचना दिल्या. पुढे २०१२मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं की ठेवीचा आदेश यांत्रिकपणे देऊ नका, माणूस आणि त्याची गरज पाहा. त्यामुळे रोख हवी असेल तर कर्जाचा उतारा, कोटेशन असे कागद जोडून मागा.

हप्त्यासाठी बँकांकडे मोटार अपघात दावा वार्षिकी ठेव आहे, तिला ‘मॅकॅड’ म्हणतात. मुदत ३ ते १० वर्षं. त्यावर कर्ज मिळत नाही आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती मोडता येत नाही. नातलगांना नाही म्हणायला इतकं सोयीचं कारण दुसरं नाही! पण दर महिन्याला मिळतं ते व्याज अधिक मुद्दलाचा तुकडा. ७ टक्के दर धरला तर २० लाखांवर १० वर्षं महिना साधारण २३,२०० येतील आणि १२०व्या हप्त्यानंतर शून्य. तेव्हा आपला माणूस चाळिशीचा असेल. साध्या एफडीवर मासिक व्याज ११,६००च्या आसपास, पण मुद्दल शाबूत. शिवाय दोन्हीकडे महागाई वाढली तरी आकडा तोच राहतो.

इंग्लंडमध्ये २००५पासून न्यायालय जखमीला जन्मभर आणि निर्देशांकाप्रमाणे वाढणारा हप्ता देववू शकतं. आपल्याकडे निवाडा एकदाच होतो. पुढच्या उपचारांसाठी नंतर पुन्हा भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये स्पष्ट केलं आहे. दर काही वर्षांनी बदलावा लागणारा कृत्रिम पाय, मदतनिसाचा पगार हे आधीच दाव्यात आणि पुराव्यात हवेत.

माझं मत विचाराल तर सगळं मॅकॅडमध्ये टाकणं तरुण जखमीसाठी चूक आहे. कर्ज आणि साधनांपुरती रोख घ्यावी. मुलांचं शिक्षण होईपर्यंतच्या वर्षांसाठी एक भाग मॅकॅडमध्ये आणि सर्वांत मोठा भाग मासिक व्याजाच्या एफडीत. साठीच्या जखमीचं गणित वेगळं, त्याला मोठा हप्ता चालेल. एफडी एकाच बँकेत कोंबू नका: ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे. अर्धा टक्का जास्त देणाऱ्या पतसंस्थेत तर तेही नाही.

ही वाटणी वकिलांना आदेशाआधी लेखी द्या. आदेश झाल्यावर ठेव मोडायची तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा तारीख.