पाप कबूल करायचे कुणापुढे?

बाप्तिस्मा झालेला विश्वासणाराही पापात पडतो, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचे एकमत आहे. फरक उठण्याच्या वाटेत आहे.

कॅथलिक माणूस धर्मगुरूकडे जातो. गोव्यात याला कुमसार म्हणतात. जाळीपाशी गुडघे टेकायचे, हलक्या आवाजात पाप नाव घेऊन सांगायचे आणि धर्मगुरूच्या तोंडून क्षमेचे शब्द ऐकायचे. आधार बायबलमधल्या योहान 20:23 चा, येशूच्या शिष्यांना मिळालेल्या पापक्षमेच्या अधिकाराचा. वर्षातून निदान एकदा हे करावे, हा नियम 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा, म्हणजे चर्चच्या धर्मसभेचा. ऐकलेले धर्मगुरूने फोडले तर त्यालाच बहिष्कार. ‘मी चुकलो’ असे मोघम म्हणणे सोपे. ‘भावाच्या वाटणीचे पैसे दाबले’ हे दुसऱ्याच्या कानावर घालताना जीभ अडखळते. मला या रीतीचे बळ तिथेच दिसते.

प्रोटेस्टंट 1 योहान 1:9 वर बोट ठेवतात: पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव क्षमा करतो. आणि मध्यस्थ एकच, ख्रिस्त. (प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने मात्र धर्मगुरूपुढचा खासगी पापांगीकार, म्हणजे पापाची कबुली, टाकून दिला नव्हता.) मध्यरात्री झोप उडाली तरी तिथल्या तिथे हात जोडता येतात, ही केवढी कृपा! पण एकांतात मन स्वतःला फार लवकर सूट देते. म्हणून याकोब 5:16 मधले ‘एकमेकांजवळ कबूल करा’ हे प्रोटेस्टंट मंडळ्यांनी अधिक मनावर घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

आणि भावाचे पैसे? ते दोन्हीकडे परत करावेच लागतात. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने तर लुबाडलेल्याचे चौपट देण्याचे कबूल केले होते.