पुण्याचा वकील की कराडचा? फौजदारी खटल्यासाठी निवड करताना

घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला की पहिल्याच रात्री दोन तट पडतात. "मोठा वकील लावा" म्हणणारे पाहुणे एकीकडे, "इथलाच बघा, रोज त्याच कोर्टात उभा असतो" म्हणणारे दुसरीकडे. बांधाच्या भांडणात धाकट्या भावावर ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम, लागलं तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. मी दोन्ही करून बघितलं. आधी पुण्याचे नावाजलेले वकील लावले, नंतर कराडचे. अनुभव एकाच खटल्याचा आहे, तो सगळीकडे लागू पडेलच असं नाही.

जामिनाच्या कामात पुण्याच्या साहेबांना तोड नव्हती. सत्र न्यायालयानं अर्ज फेटाळल्यावर त्यांनी हायकोर्टासाठी जो अर्ज लिहिला, तो वाचून आपली केस काय आहे हे मला पहिल्यांदा कळलं. जखम कुठे, हत्यार कुणाकडून जप्त झालं, फिर्यादीत भावाच्या वाट्याला नेमकं काय येतं, एवढ्या तीनच गोष्टी त्यात होत्या, पण कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. जामीन झाला. फी भरपूर गेली, पण भाऊ घरी आला होता, त्यामुळे तिचं दुःख नाही.

खटकलं ते पुढे. तारखेला ज्युनिअर यायचे, आणि दर वेळी नवा चेहरा. कोर्टाच्या व्हरांड्यात पहिला प्रश्न मलाच, "काका, मॅटर काय आहे?" फाइल माझ्याच पिशवीत असायची, तीच मी पुढे करायचो. दोषारोप ठेवेपर्यंत तारखांना तसं फार काही घडत नाही, म्हणून गप्प राहिलो. मग साक्षी सुरू झाल्या. मुख्य प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आला, सरकारी वकिलांनी सरतपास घेतला, म्हणजे आपले प्रश्न विचारून जबाब नोंदवून घेतला. साहेब त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात. ज्युनिअरनं मुदतीचा अर्ज दिला. आधी दोनदा मुदत घेऊन झाली होती, त्यामुळे न्यायाधीशांनी तो नामंजूर केला आणि जबाबाखाली 'उलटतपास नाही' असा शेरा पडला. ज्याच्या शब्दावर भावाचं सगळं आयुष्य टांगलेलं, त्याला आमच्या बाजूनं एकही प्रश्न विचारला गेला नाही. उलटतपास झाला नाही की साक्षीदाराचं म्हणणं जवळपास तसंच्या तसं उभं राहतं. त्या संध्याकाळी मी हे आईला सांगू शकलो नाही.

वकीलपत्र बदलायचं ठरलं. कराडच्या वकिलांनी आधी पुण्याच्या साहेबांची ना-हरकत आणायला सांगितलं, ती मिळाली. (कुणाचे कागद फीसाठी अडकले असतील तर एक माहीत असू द्या. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००० साली स्पष्ट केलं आहे.) मग साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज. आमचा खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला, म्हणून कलम ३११. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३४८ आहे. कोर्टानं खर्च भरायला लावून अर्ज मंजूर केला.

उलटतपासाच्या आधीच्या रविवारी वकीलसाहेब मोटारसायकलवरून आमच्या शेतात आले. बांधावर उभं राहून साक्षीदाराची वस्ती कुठून दिसते ते पाहिलं. घटना नोव्हेंबरची. "तेव्हा मधल्या रानात काय होतं?" ऊस होता, तोडणीला आलेला, माणसाच्या डोक्याच्या वर. घटनास्थळाच्या पंचनाम्यात उसाचा उल्लेखच नव्हता, आणि आमच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं. कोर्टात साक्षीदारानं कबूल केलं की वस्तीवरून बांध दिसत नाही, आरडाओरडा ऐकून तो नंतर आला.

त्यांच्या उणिवाही सांगतो. लिखाण त्रोटक. समोरच्या पार्टीच्या वकिलांबरोबर बाररूममध्ये चहा पिताना दिसले की आईचा जीव वरखाली व्हायचा, हे फुटले तर? रोज एकाच छताखाली काम करणारी माणसं चहा घेणारच, हे पटायला मला वेळ लागला. हायकोर्टाचं काम आपलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. अर्थात १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यानं सातारा जिल्ह्यातल्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

हातात पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मला स्वतःला तो अनुभव नाही.

अटकपूर्व जामीन, ईडीचं प्रकरण किंवा हायकोर्टातलं अपील असेल तर मीही कदाचित पुन्हा पुण्या-मुंबईकडेच बघेन. पण साक्षीपुराव्यावर उभा राहणारा, गावातल्या मारामारीचा खटला असेल तर माझा कल जवळच्या वकिलाकडे आहे. कुणाकडेही गेलात तरी वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा, "साक्षीदारांचा उलटतपास तुम्ही स्वतः घेणार ना?" पुण्यात हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. कराडला विचारला, तर वकीलसाहेबांनी डायरी उघडून साक्षीच्या तारखा माझ्यासमोर लिहून घेतल्या. आता डॉक्टरांची साक्ष तेवढी राहिली आहे, आणि तीही त्या डायरीत आहे.