कापांतून उभे राहणारे यकृत : ‘थ्री-डी स्लायसर’ चार वर्षे वापरल्यानंतर

वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवताना सर्वांत अवघड काय जाते, असे कोणी विचारले तर मी यकृताच्या आतल्या रक्तवाहिन्यांची मांडणी, असेच उत्तर देईन. यकृताचे आठ खंड विद्यार्थी पाठ करतात. परंतु यकृतशिरा खंडांच्या सीमेवरून जातात आणि आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनचे फाटे मात्र प्रत्येक खंडाच्या मधोमध शिरतात, ही गोष्ट फळ्यावरच्या सपाट आकृतीतून डोळ्यांसमोर उभी राहत नाही. सीटी स्कॅनच्या स्लाइस एकामागून एक दाखवल्या, तरी एका स्लाइसवर दिसलेला पांढरा ठिपका पुढच्या स्लाइसवर नेमका कुठे सरकला, हे लक्षात ठेवण्यातच विद्यार्थ्याची सगळी शक्ती खर्च होते. या अडचणीतून वाट काढण्यासाठी मी चार वर्षांपूर्वी ‘थ्री-डी स्लायसर’ ही संगणकप्रणाली वापरायला घेतली. स्लाइसवर अवयवाची कड आखून त्यातून त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्याचे काम ती करते.

या प्रणालीचा जन्म १९९८ साली बोस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलची शस्त्रक्रिया-नियोजन प्रयोगशाळा आणि एमआयटीची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा यांच्या संयुक्त कामातून झाला. तिची सुरुवात एका पदव्युत्तर प्रबंधापासून झाली आणि पुढे अमेरिका, कॅनडा व इतर देशांतील संशोधकांनी आणि अभियंत्यांनी ती वाढवली. ती पूर्णपणे विनामूल्य आहे, तिचा मूळ कोड खुला आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ती चालते. ज्या विभागाला वर्षभराच्या मार्करपेनसाठीसुद्धा मागणीपत्र भरावे लागते, त्या विभागासाठी ही गोष्ट किती मोलाची आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

संगणक फार भारी लागत नाही, मात्र मेमरी हात राखून चालत नाही. सीटीची एक स्लाइस म्हणजे ५१२ बाय ५१२ ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा मेगाबाइट. तीनशे स्लाइसचा पोटाचा स्कॅन दीडशे मेगाबाइटचा होतो. जेवढी माहिती उघडायची तिच्या दहापट मेमरी मोकळी असावी, असा या प्रणालीचा ढोबळ नियम आहे आणि तो माझ्या अनुभवाशी जुळतो. आठ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर काम होते; सोळावर ते अडखळत नाही.

खरी कसोटी प्रणालीच्या आधीच सुरू होते, ती स्लाइसच्या जाडीपाशी. पहिल्या वर्षी एका तपासणी केंद्रातून अध्यापनासाठी, रुग्णाची ओळख काढून टाकलेला, एक स्कॅन सीडीवर मिळाला. स्लाइसच्या पातळीत दोन ठिपक्यांमधले अंतर साधारण ०.७ मिलिमीटर होते, पण एका स्लाइसपासून दुसरीपर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर होते, म्हणजे उभ्या दिशेत माहिती सातपट विरळ होती. त्यातून उभारलेल्या यकृताला घाटाच्या पायऱ्यांसारखा आकार आला आणि चार मिलिमीटरची शाखा एखाद्याच स्लाइसमध्ये, तीही शेजारच्या ऊतींत मिसळून फिकट झालेली सापडली. पुढे चौकशी केल्यावर कळले की मूळ स्कॅन पातळ स्लाइसचाच होता. सीडीवर मात्र वाचायला सोयीची जाड मालिका तेवढी उतरवली गेली होती. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी पातळ मालिका, शक्यतो एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची, आणि कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळवणारे औषध) दिल्यानंतरच्या पोर्टल टप्प्यातली, म्हणजे पोर्टल व्हेन उजळलेली असतानाची, असे स्पष्ट लिहून मागते. जाड स्लाइसमधली हरवलेली माहिती कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही.

आता मुख्य भागाकडे, म्हणजे अवयव आखण्याच्या ‘सेगमेंट एडिटर’ या विभागाकडे येते. स्लायसरचे सगळे बळ येथे एकवटलेले आहे. पहिले साधन ‘थ्रेशोल्ड’. सीटीमधला प्रत्येक ठिपका हाउन्सफील्ड एककात मोजलेला असतो; पाणी शून्य, हवा उणे एक हजार, आणि हाड शेकड्यांत. फुप्फुस किंवा हाड हवे असेल तर दोन आकडे ठरवून एका झटक्यात काम होते, कारण त्यांच्या शेजारी त्यांच्यासारखे काही नसते. यकृताचे तसे नाही. यकृत, प्लीहा, जठराची भिंत आणि बरगड्यांमधले स्नायू यांचे आकडे इतके जवळजवळ येतात की थ्रेशोल्ड लावताच रंग यकृतातून बाहेर पाझरतो आणि छातीच्या भिंतीभर पसरतो. नवशिक्या वापरकर्त्याचा येथे हिरमोड होतो. म्हणून थ्रेशोल्ड हे अवयव निवडण्याचे साधन न मानता कुंपण म्हणून वापरावे, असे मी सुचवेन. त्यातच ‘यूज फॉर मास्किंग’ हे बटण आहे. ते दाबले की ठरवलेल्या आकड्यांबाहेरच्या ठिपक्यांवर ब्रश चालतच नाही, आणि मग गोलाकार ब्रशने यकृतावर निश्चिंतपणे रंग भरता येतो. चरबीत आणि हवेत तो आपोआप थांबतो. स्नायू आणि जठर यांच्यापाशी मात्र आपल्यालाच थांबवावा लागतो.

माझे सर्वांत आवडते साधन ‘ग्रो फ्रॉम सीड्स’. यकृतावर तीन-चार स्लाइसमध्ये एका रंगाचे फराटे ओढायचे, आणि यकृत नसलेल्या सगळ्यावर, म्हणजे जठर, उजवे मूत्रपिंड, हृदयाची खालची बाजू, बरगड्या यांवर दुसऱ्या रंगाचे. मग संगणक दोन्ही रंग एकाच वेळी वाढवत नेतो आणि जेथे प्रतिमेतला बदल सर्वांत ठळक असतो तेथे त्यांची गाठ पडते. अंतिम निर्णय देण्याआधी हा निकाल तात्पुरता दाखवला जातो, त्यामुळे चूक दिसली की तेथे आणखी एक फराटा ओढायचा आणि सीमा आपोआप सरकताना पाहायची. मी प्रथम ही गोष्ट पाहिली तेव्हा वर्गात बसल्यासारखी कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले. उजव्या मूत्रपिंडाला यकृत टेकलेले असते त्या ठिकाणी मूत्रपिंडावर एक छोटा फराटा दिला आणि यकृताचा हिरवा रंग त्याच्यापासून मागे सरून चरबीच्या काळ्या रेघेवर नेमका जाऊन थांबला. अवयवांचे नाते डोळ्यांदेखत उलगडावे, ते असे.

‘फिल बिटवीन स्लाइसेस’ हे साधन ज्यांना सगळे हाताने आखायचे आहे त्यांच्यासाठी आहे. दर पाचव्या किंवा दहाव्या स्लाइसवर कड आखली की मधल्या स्लाइस ते भरून देते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी : मधली कड ठरवताना ते प्रतिमेकडे पाहतच नाही, केवळ आखलेल्या दोन आकारांवरून अंदाज बांधते. पित्ताशयाची खाच दोन आखणींच्या मध्ये पडली तर ती बुजून जाते.

आखणी पूर्ण झाल्यावर ठिपक्यांच्या ढिगाचे पृष्ठभागात रूपांतर होते. या कामाचा पाया १९८७ साली जनरल इलेक्ट्रिकमधील विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी मांडलेल्या ‘मार्चिंग क्यूब्ज’ पद्धतीने घातला. शेजारच्या आठ ठिपक्यांचा एक घन कल्पायचा; प्रत्येक कोपरा अवयवाच्या आत आहे की बाहेर, एवढाच प्रश्न विचारायचा; होणाऱ्या २५६ शक्यता सममितीमुळे १५ नमुन्यांवर येतात आणि प्रत्येक नमुन्यासाठी त्रिकोण कसे टाकायचे हे आधीच ठरलेले असते. असा एकेक घन ओलांडत गेले की लाखो त्रिकोणांचे कवच तयार होते. ‘शो थ्री-डी’ दाबल्यावर काही क्षणांत जे यकृत पडद्यावर फिरू लागते ते हेच कवच.

आणि येथेच या प्रणालीतला, किंबहुना या प्रकारच्या सर्वच प्रणालींतला, सर्वांत मोठा धोका आहे. कवच गुळगुळीत दिसावे म्हणून स्मूदिंग केले जाते आणि ते मुळातच काही प्रमाणात चालू असते. गुळगुळीत प्रतिकृती पाहणाऱ्याला खरी वाटते. खडबडीत प्रतिकृती अपुरी वाटते. प्रत्यक्षात अनेकदा उलट असते. दुसऱ्या वर्षी मी मूत्रपिंडाची प्रतिकृती त्रिमितीय छपाईसाठी तयार केली आणि मीडियन स्मूदिंगचा, म्हणजे आजूबाजूचे ठिपके पाहून बारीक उंचवटे काढून टाकणाऱ्या चाळणीचा, आकार पाच मिलिमीटर ठेवला. मूत्रपिंड देखणे झाले, परंतु वरच्या ध्रुवाकडे जाणारी वेगळी, बारीक धमनी पुसली गेली होती. ती धमनी शिकवण्यासाठीच तर मी तो स्कॅन निवडला होता. पाच मिलिमीटरच्या चाळणीतून तीन मिलिमीटरची वाहिनी टिकत नाही, हे साधे गणित माझ्या ध्यानात राहिले नव्हते. आता वाहिन्यांचा सेगमेंट, म्हणजे आखलेला भाग, मी नेहमी वेगळा ठेवते, त्यावर मीडियन लावत नाही, आणि एकमेकांना खेटून असलेल्या अवयवांसाठी ‘जॉइंट स्मूदिंग’ वापरते, म्हणजे दोघांच्या मध्ये फट पडत नाही.

या धोक्यावरचा उपाय स्लायसरमध्येच आहे आणि त्यासाठी मी या प्रणालीला मनापासून दाद देते. ‘सेगमेंट स्टॅटिस्टिक्स’ हा विभाग एकाच अवयवाचे आकारमान दोन प्रकारे सांगतो : मूळ ठिपके मोजून आणि तयार झालेल्या कवचावरून. दोन आकड्यांत लक्षात येण्याजोगी तफावत असेल तर कवचाने काहीतरी गिळले आहे किंवा वाढवले आहे, हे समजते. कड आखण्यातल्या फरकाचा परिणाम किती होतो, हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी मी एक हिशोब देते. यकृताऐवजी ७० मिलिमीटर त्रिज्येचा गोळा धरा. त्याचे आकारमान सुमारे १४३७ मिलिलिटर. कड सर्व बाजूंनी फक्त एक मिलिमीटर बाहेर आखली गेली तर त्यात सुमारे ६२ मिलिलिटरची भर पडते, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक. एक मिलिमीटर म्हणजे पडद्यावरचे जेमतेम दीड ठिपके.

अलीकडे याच प्रणालीत ‘टोटल सेगमेंटेटर’ हा जोड-विभाग घालता येतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील विद्यापीठ रुग्णालयात तो तयार झाला असून सीटीमधल्या शंभराहून अधिक रचना तो स्वतःहून ओळखतो. चांगले ग्राफिक्स कार्ड असेल तर काही मिनिटांत काम होते. नसेल तर बराच वेळ थांबावे लागते, आणि पहिल्या वेळी मोठा डाउनलोडही करावा लागतो. यकृत, प्लीहा, मणके यांची पहिली आखणी तो इतकी चांगली देतो की माझा अर्धा दिवस वाचतो. तरी तो मूळ स्कॅन दीड मिलिमीटरच्या जाळीवर आणून काम करतो आणि घाईच्या पर्यायात तीन मिलिमीटरच्या, हे माहीत असले पाहिजे. पातळ कडा आणि बारीक वाहिन्या यांवर हाताने पुन्हा फिरावेच लागते. विद्यार्थ्याने मात्र पहिला अवयव स्वतःच्या हाताने आखावा, यावर मी ठाम आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पडद्यावर पहिल्या दिवशी इतकी बटणे दिसतात की माणूस गांगरतो, आणि कोणता विभाग कुठे आहे हे अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. केवळ हाताने आखायचे असेल तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी निगडित ‘आयटीके-स्नॅप’ अधिक सुटसुटीत आहे, आणि फक्त हाड काढून छपाईला पाठवायचे असेल तर ब्राझीलमधील ‘इनव्हेसालियस’ पायरी-पायरीने हात धरून नेते. वाहिन्या, ग्रंथी आणि शेजारचे अवयव एकत्र हवे असतील तर मी स्लायसरकडेच येते. ही प्रणाली संशोधनासाठी आणि अध्यापनासाठी आहे. रुग्णाच्या निदानासाठी तिला मान्यता नाही आणि तिचे कर्ते ते स्वतःच स्पष्टपणे सांगतात. शिवाय स्कॅनच्या फाइलमध्ये रुग्णाचे नाव, वय आणि तारखा दडलेल्या असतात. त्या काढून टाकल्याशिवाय एकही स्कॅन विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हवर जाऊ देऊ नये. सरावासाठी प्रणालीसोबत छातीचा सीटी, हृदयाचा सीटी आणि डोक्याचा एमआरआय असे नमुने मिळतात. सुरुवात त्यांवरच करावी.

छपाईसाठी एसटीएल फाइल, म्हणजे त्रिकोणांच्या कवचाची फाइल, काढताना या फाइलमध्ये एकक लिहिलेलेच नसते, हे विसरू नये. स्लायसर मिलिमीटरमध्ये लिहितो, तेव्हा छपाईच्या प्रणालीतही मिलिमीटरच निवडावे. आमच्या विभागात छापलेले यकृत दोन भागांत उघडते आणि आत यकृतशिरा निळ्या, पोर्टल व्हेन जांभळी अशी रंगवलेली आहे. ते हातात देण्यापूर्वी मी प्रत्येक गटाला पडद्यावर आखलेली कड मूळ स्लाइसवर ठेवून, माऊसचे चाक फिरवत, तळापासून वर जायला सांगते. बहुतेक गट घुमटापाशी थांबतात, जेथे पातळ श्वासपटलाच्या वर लगेच हृदय सुरू होते आणि आपली हिरवी कड एक-दोन ठिपके पलीकडे गेलेली असते. तेवढी कड पुसून आम्ही पुन्हा आखतो, आणि मगच फाइल छपाईला जाते.