ठसा व्यापाऱ्याचा, हत्यार भलत्याचंच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत सेंट लुईसला आल्यापासून शनिवार सकाळ जुन्या घरांच्या सामानविक्रीत जाते. तिथल्या गंजक्या डब्यांतल्या जुन्या सुतारी हत्यारांवर एकच ठसा सारखा हाताला लागायचा : पाचरीच्या आकारात ‘कीन कटर’. मला वाटलं, मोठा कारखाना असेल. पण हा ठसा ज्यांचा, ती सिमन्स हार्डवेअर ही याच गावची घाऊक पेढी. हत्यारं घडवायची दुसऱ्यांनी, नाव घालायचं यांनी. १९४० मध्ये ती गावातल्याच शॅप्ली पेढीनं विकत घेतली. शॅप्लीचा स्वतःचा ठसा ‘डायमंड एज’. पुण्यात बोहरी आळीत आपण दुकानदाराच्या भरवशावर माल घ्यायचो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथं तो भरवसा पोलादावरच उमटवलेला.

सगळ्यात जास्त वापरला तो कीन कटरचा के-५ रंधा. १४ इंच लांब, पातं २ इंची. के मालिकेतले हे रंधे स्टॅनली या हत्यारांच्या कारखान्यानं आपल्या ‘बेडरॉक’ घडणीत बनवून दिलेले. पातं ज्यावर टेकतं तो लोखंडी तुकडा, म्हणजे फ्रॉग, खाली सपाट घासलेल्या उतारावर पूर्ण बसतो, त्यामुळे कडक लाकडातही पातं थरथरत नाही. ओकच्या फळीवर पहिल्यांदा चालवला तेव्हा छिलका इतका पातळ निघाला की त्यातून खिडकी दिसत होती. अर्थात त्याआधी दोन संध्याकाळी धार लावण्यात गेल्या.

पहिला रंधा मात्र फसवा निघाला होता. पातं दाबून धरणारा वरचा क्लॅम्प कीन कटरचा, खालचा सांगाडा भलत्याच कुणाचा. विकणाऱ्यालाही कदाचित कल्पना नसेल. तेव्हापासून घेताना सगळे भाग सुटे करून बघतो. सुटे करू देत नसतील तर पुढच्या टेबलावर जातो.

गिरमीट मजबूत आहे, पण त्याचे जबडे चौकोनी, निमुळत्या बुडख्याच्या बिटांसाठी (भोक पाडायच्या पात्यांसाठी) आहेत. आताचं गोल बुडख्याचं बिट त्यात फिरून जातं. जुनी बिटं वेगळी शोधावी लागतात आणि गिरमिटापेक्षा त्यांनाच जास्त पैसे पडतात.

करवतीच्या बाबतीत मीच माती खाल्ली. गंज काढायला सरळ सँडपेपर घेतला. पात्यावरचं नाव कोरलेलं नसतं, आम्लानं जेमतेम उमटवलेलं असतं. दहा मिनिटांत पातं चकाचक झालं आणि नाव साफ गेलं. संग्राहकाच्या लेखी किंमत शून्य. कापते मात्र तशीच. दातांना धार लावून घेतल्यावर पाइनच्या फळीत लोण्यासारखी उतरते. मग मीच स्वतःला विचारलं की मी नक्की घेतलं काय होतं, नाव की करवत? आता ज्या पात्यावर अक्षरं पुसट दिसतात तिथं सपाट ठोकळ्याला बारीक कागद लावून, तेल टाकून, हलकं फिरवतो आणि अक्षरांपाशी थांबतो.

बायकोचं म्हणणं : घरात एक खुर्ची धड नाही आणि हातोड्या सात. त्यांतली रोजच्या वापरातली ‘ब्लू ग्रास’, लुईव्हिल गावच्या बेल्कनॅप या अशाच घाऊक पेढीची. तोल सुरेख, खिळा एका घावात सरळ जातो. हिवाळ्यात हीटर चालला की दांडा सुकतो आणि डोकं किंचित हलतं. एक पाचर ठोकून झाली आहे, या शनिवारी दुसरी ठोकणार.