कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं बिनबोर्डाचं इंजिन हेडचं दुकान आणि आमची पाणी पिणारी झेन

रेटिंग आधीच सांगून टाकतो, 5 पैकी 4. एक स्टार कापलाय तो "तीन दिवसात घेऊन जावा" म्हणून अकरा दिवस लावले त्याचा. कामाला काही कापायला जागा नाही.

गाडी म्हणजे बाबांची 1998 ची मारुती झेन, कार्बोरेटरवाली, एमएच 10. तीनदा री-पासिंग झालंय तिचं, 13 ला, 18 ला आणि 23 ला, आणि दर वेळी घरात भांडण झालंय की आता पुरे. बाबा ऐकत नाहीत. ज्यांनी चालवली असेल त्यांना माहीत आहे, 993 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ब्लॉक पण अ‍ॅल्युमिनियमचा आणि हेड पण (ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, हेड म्हणजे त्यावर बोल्टनं बसणारं झाकण), हलकं, गोड फिरणारं, पण एकदा तापलं की मग ते लोखंडी ब्लॉकसारखं सोसत नाही. हे मला आता कळतंय, तेव्हा कळत असतं तर चौदा हजार वाचले असते.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाणी कमी व्हायला लागलं. खाली फरशीवर थेंब नाही, पाइप कोरडे, पण दर चार दिवसांनी अर्धा लिटर गायब. सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली (नाव लिहीत नाही, वीस वर्षांची ओळख आहे आणि माणूस वाईट नाही). त्यानं ऑइलचं झाकण उघडून बघितलं, म्हणाला ऑइल साफ आहे म्हणजे गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) ठीक आहे. मग महिनाभरानं म्हणाला गॅस्केटच गेलीय. आता हे झाकणाखालचं दुधासारखं ऑइल बघून निदान करायचं प्रकरण मला पटतच नाही, कारण पावसाळ्यात गाडी नुसती बाजारापर्यंत फिरवली तरी तिथे साय धरते, आणि आमच्यासारखं सिलिंडरमधून थेट पाण्यात लीक असेल तर ऑइल शेवटपर्यंत चकाचक राहतं. असो. हेड उतरवलं, पॉलिश पेपरनं घासलं, नवी गॅस्केट, 7,500 रुपये.

पाच महिने बरी चालली. मग दिवाळीत आम्ही गणपतीपुळ्याहून परत येत होतो, साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा वर सरकला. मी एसी बंद केला, काच उघडली, बायको म्हणाली थांबूया, मी म्हणालो पुढच्या वळणावर सावली आहे. आणि बघता बघता काटा खाली आला. मला इतकं बरं वाटलं की मी गाणं लावलं. तो काटा खाली आला होता कारण सेन्सरपाशी पाणीच उरलं नव्हतं, पाण्यात बुडलेला नसला की तो बिचारा काय मोजणार. दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ, पोरगी रडायला लागली, आणि पुढचा सव्वा तास आम्ही माकडांना बिस्किटं टाकत इंजिन गार व्हायची वाट बघितली. (तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं नाही, एवढी एक अक्कल होती.)

परत तेच गॅरेज. मागची गॅस्केट डुप्लिकेट लागली म्हणाला, आता कंपनीची टाकतो. टाकली. शिवाय थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, आपल्या उन्हात लागत नाही म्हणे, आणि फॅन डायरेक्ट केला, चावी फिरवली की फॅन सुरू. 6,800. तीन महिन्यात तिसऱ्यांदा गेली. सकाळी स्टार्ट केली की पहिली दोन मिनिटं तीन सिलिंडरवर थरथरायची, मागून पांढरा धूर, रेडिएटरचा वरचा पाइप अजून कोमट पण झालेला नसायचा आणि दगडासारखा टणक, कूलंटच्या बाटलीत चहा उकळल्यासारखे बुडबुडे. आता गॅरेजवाला म्हणाला भंगारात द्या नाहीतर जुनं इंजिन बघतो पंचवीसपर्यंत. बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

माझ्या मामेभावाच्या ट्रॅक्टरचं हेड कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका दुकानातून होतं. त्यानं नंबर दिला. फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न, "जुन्या गॅस्केटी ठेवल्यात काय?" मला वाटलं भंगारवाला आहे. पण बाबा कुठलाही काढलेला पार्ट टाकत नाहीत, मागच्या पडवीत खिळ्याला दोन्ही गॅस्केटी तोरणासारख्या लटकत होत्या. पिकअपमध्ये गाडी घातली, गॅस्केटी घेतल्या, गेलो.

दुकान म्हणजे बोर्डच नाही. पत्र्याची शेड, दारात ट्रॅक्टरची हेडं रचून ठेवलेली, आत एक जुनं मिलिंग मशीन आणि एक सरफेस ग्राइंडर, आणि ज्यांना सगळे मामा म्हणतात ते साठीचे गृहस्थ, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. गाडीकडे त्यांनी बघितलंच नाही. दोन्ही गॅस्केटी घेतल्या, एकावर एक ठेवल्या, दाराशी उजेडात धरल्या. तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरच्या मधली पट्टी दोन्हींत जळलेली, आणि शेजारच्या पाण्याच्या भोकाकडे काळा ओघळ, तोही दोन्हींत त्याच जागी. मला म्हणाले, "दोन वेगळ्या गॅस्केटी एकाच जागी कशा वो जळतील साहेब? खाली खड्डा असणार की."

दहा महिन्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मी पण नाही.

तरी लगेच हेड नाही उघडलं. आधी खात्री. त्यांच्या पुतण्यानं बेल्ट काढला म्हणजे वॉटर पंप फिरून पाणी घुसळणार नाही, रेडिएटर काठोकाठ भरला आणि गार इंजिन स्टार्ट केलं, लगेच बुडबुडे. मग प्लग काढून कंप्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला, एक आणि दोनला साडेबारा, तीनला आठ, चारला पण आठ. शेजारशेजारचे दोन्ही खाली म्हणजे मधली भिंत गेलीय. मग तीन नंबरचा पिस्टन वर आणून गाडी गिअरमध्ये टाकली आणि प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडली, मला म्हणाले रेडिएटरमध्ये बघा. कारंजं. चार नंबरच्या उघड्या भोकातून पण फुस्स आवाज. एवढ्या सगळ्याला वीस मिनिटं लागली, आणि भारी मशीन एकही नाही.

हेड उतरलं ते गार असताना, आणि बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे ढिले करत. आता माझा आवडता भाग. मामांनी एक जाड पोलादी पट्टी फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते, पोरांना हात लावू देत नाहीत. ती हेडवर आडवी ठेवली, तिरकी ठेवली, आणि फिलर गेजची (फट मोजायची) पातळ पानं खालून सरकवायला लागले. दोन थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चालतं, म्हणजे 0.05 मिलिमीटर. आमच्या हेडच्या मध्यात सहा थाऊचं पान पट्टीखालून असं गेलं जसं दाराखालून पेपर सरकवतात. पेपरनं हातानं घासलं की असंच होतं, हात मधे जास्त फिरतो, कडा उंच राहतात, चकाकी मात्र आरशासारखी. त्या चकाकीचे मी पैसे दिले होते. आणि तीन-चारच्या मधे पाण्याच्या भोकाची कड गंजून उंदरानं कुरतडल्यासारखी. ब्लॉकवर त्याच जागी तीन थाऊ खोल. आमचं बोअरचं पाणी, बादलीला महिन्यात पांढरा थर चढतो, ते वर्षानुवर्षं गाडीत ओतत होतो, कूलंट नाही काही नाही, अ‍ॅल्युमिनियमनं किती सोसायचं.

त्यामुळे नुसतं हेड फेसिंग (मशीनवर सपाट) करून भागणार नव्हतं, इंजिन खाली उतरवून ब्लॉकला पण फेस मारायचा. मी बाबांना फोन केला, ते म्हणाले मार. हेडला आधी प्रेशर टेस्ट, पाण्याची सगळी भोकं पट्ट्या आणि रबर लावून बंद करतात, आत हवा भरतात आणि गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात, सायकलची ट्यूब बघतात तसंच. हेड बुडवलं की खाचांत अडकलेली हवा वर येते, मी ओरडलो क्रॅक आहे क्रॅक आहे, मामांनी हातानं ते बुडबुडे पुसले आणि म्हणाले थांबा जरा. खरंच थांबले ते. क्रॅक नव्हता. मग कुरतडलेल्या कडेला आर्गन वेल्डिंग, आणि त्यावर फेसिंग. फेसिंगच्या आधी हेडची जाडी मोजली आणि स्पष्ट सांगितलं, हे एवढं शेवटचं, परत तापवून आणलंत तर आणखी मटेरिअल काढणार नाही, दुसरं हेड बघायचं. जास्त घासलं की कंप्रेशन वाढतं, टायमिंग हलतं, वगैरे.

बोल्टची गोष्ट मला आधी माहीतच नव्हती. बोल्टची भोकं खाली बंद असतात, त्यात पाणी-ऑइल साचलेलं असलं की बोल्ट आवळताना तो त्या पाण्यावर दाबला जातो, पाना कट्ट वाजतो आणि आपल्याला वाटतं टाइट झालं. पुतण्यानं एका जुन्या बोल्टला उभी खाच मारून घेतली होती, तो फिरवून सगळे आटे साफ केले, हवा मारली, प्रत्येक भोकातून काळं पाणी उडालं. बोल्ट नवे. टॉर्क पान्यानं तीन टप्प्यांत, मधून बाहेर. आमच्या गॅरेजात दोन्ही वेळा साध्या पान्याला पाइप लावून आवळले होते, मी समोर चहा पीत उभा होतो.

पण गाडी मुळात तापली का, हे राहिलंच. रेडिएटर उघडला तर निम्म्या नळ्या बुजलेल्या. झाकणाची स्प्रिंग मेलेली. ते झाकण 0.9 बार दाबाचं असतं, दाब धरून ठेवलं तर पाणी जवळपास 118 डिग्रीपर्यंत उकळत नाही, दाबच धरला नाही तर शंभरलाच खेळ खलास, आणि घाटात नेमकी ती वरची अठरा डिग्रीच लागते. दीडशे-दोनशेचं झाकण. पहिल्या दिवशी कोणी बदललं असतं तर काय झालं असतं माहीत नाही. नवा रेडिएटर, नवं झाकण, थर्मोस्टॅट परत बसवला, फॅनला नवा स्विच. थर्मोस्टॅट नसला की हायवेला काटा खालीच झोपलेला असतो, आणि काही बिघडतंय हे कळायला उशीर होतो, असं मामांचं म्हणणं. हिरवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

आता तक्रारी. अकरा दिवस. आर्गनवाला जोतिबाच्या यात्रेला गेला तो चार दिवस आलाच नाही, आणि मामा दुसऱ्याकडून करून घ्यायला तयार नाहीत. फोन उचलत नाहीत, उचलला तर मागे मशीन सुरू, "उद्या बघू" एवढंच ऐकू येतं. मी दोनदा फुकट खेप घातली, मिसळ खाऊन परत. बिल म्हणजे कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलनं, जीएसटी वगैरे विचारलं तर पुतण्या हसला. आणि गाडी दिली तेव्हा स्टिअरिंगवर ग्रीसचे पंजे.

एकूण 23,400 गेले, त्यात रेडिएटर आणि पार्ट निम्म्याच्या वर, मशीनचं काम सगळं मिळून साडेपाच. गाडीची किंमत आज चाळीस येईल का शंका आहे. बायकोनं हा हिशोब एकदाच मांडला आणि नंतर विषय काढला नाही, याचे मी वेगळे आभार मानतो.

तेरा महिने झाले, सात हजार किलोमीटर. यंदा परत गणपतीपुळं, परत आंबा घाट, चौघं बसलेले. काटा निम्म्याच्या जरा खाली, चिकटवल्यासारखा. बाटलीवर बाबांनी नेलपॉलिशनं रेघ मारलीय आणि रोज सकाळी गार इंजिनावर बघतात, आत्तापर्यंत एकदाच कपभर टाकायला लागलं.

जाणार असाल तर सोमवारी बंद असतं, एक ते तीन मामा जेवून झोपतात. हेड सुटं करून नेलं तर लवकर होतं पण मग ब्लॉक कोण मोजणार, गाडीच न्या. आणि जुन्या गॅस्केटी न्या, त्या नसल्या की ते अर्धा तास बोलून दाखवतात.